थंडी गेल्याचं जाहीर करणारे तात्या

शेवगावच्या प्रत्येक गल्लीत एक तात्या असतात. कुठे निवृत्त तलाठी, कुठे जिल्हा परिषदेचे गुरुजी. पण सेवानिवृत्तीनंतर सरकारने ऋतूंचा चार्ज आपल्याकडेच ठेवलाय, याविषयी त्यांना शंका नसते. पावसाळ्याचा नाद त्यांनी सोडलाय, कारण शेवगावात पाऊस कुणाचंच ऐकत नाही. थंडीचं तसं नाही. ती आलेली सगळ्यांना कळते. गेली की नाही, ते मात्र तात्यांनीच सांगायचं.

तात्यांच्या दप्तरी थंडी हप्त्याहप्त्याने जाते. संक्रांतीला ते चौकात उभं राहून ‘दिवस तिळातिळानं वाढाय लागला’ असं सांगतात. हे सांगताना अंगात स्वेटर, त्यावर जाकीट, डोक्याला कानटोपी आणि कानटोपीवर मफलर असतो. दिवस खरं तर २२ डिसेंबरपासूनच वाढायला लागलेला असतो, असं शाळकरी नातवाने सांगितलं, तर ‘वाढला असंल, पण जाहीर कुठं झाला होता?’ हा त्यांचा सवाल असतो.

मुख्य समारंभ रथसप्तमीचा. माघ शुद्ध सप्तमीला अंगणात तुळशीपुढे सात घोड्यांच्या रथाची रांगोळी निघते, गोवऱ्या पेटतात आणि संक्रांतीच्या बोळक्यात दूध ठेवलं जातं. हे सगळं काकू करतात. तात्या खुर्ची टाकून देखरेख करतात. दूध उतू जाईपर्यंत त्यांच्या तीन सूचना आणि काकूंचं एकच उत्तर होतं, ‘अहो, तुम्ही जरा गप बसा.’ पण दूध उतू कुठल्या बाजूला गेलं, याचा पंचनामा तात्यांचाच. पाथर्डीकडे गेलं तर ‘चला, त्या दुष्काळी तालुक्याचं भलं झालं’ म्हणून समाधान. ईशान्येला, पैठणच्या अंगाला गेलं की चेहरा पडतो. ‘बघा! दूधसुद्धा जायकवाडीलाच चाललं!’ जायकवाडी धरण भरलं नाही, की नगर-नाशिकच्या धरणांतलं पाणी खाली सोडायचं, हा वाद त्यांनी वर्षानुवर्षं पेपरात वाचलेला. त्यात शेवगाव तालुक्याची काही गावं जायकवाडीच्याच नाथसागर जलाशयाच्या काठावर आहेत, म्हणजे आपण देणारे की घेणारे, हे तात्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

अशा तात्यांची नात आयर्लंडला असली की मजा वाढते. १ फेब्रुवारीला ती व्हिडिओ कॉलवर सांगते, ‘आजोबा, आमच्या शेजारच्या बाई विक्का नावाच्या निसर्गपूजक पंथाच्या आहेत. आज त्यांचा इम्बोल्क. हिवाळा सरत आला म्हणून घरभर मेणबत्त्या लावल्यात.’

‘लाइट गेली का?’ तात्या विचारतात.

नात समजावते. हा जुना केल्टिक सण. ब्रिगिड देवीचा. मेंढ्यांना पान्हा फुटायचा हा काळ, म्हणून दुधालाही मान. विक्कावाले वर्षाचे आठ सण पाळतात, त्यातला हा एक. मधेच शेजारचे कुणी खाकरतात, ‘विक्का म्हणजे चेटूक ना? आपल्याकडं २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.’ तात्या हात वर करून त्यांना थांबवतात. विस्तव आहे, दूध आहे, सूर्य परत येतोय. मग परकं काय राहिलं? ‘आपलीच शाखा दिसते,’ ते निकाल देतात.

पुढे गाडी अडते ती तारखेवर. आपली रथसप्तमी २०२४ ला १६ फेब्रुवारीला होती, २०२६ ला २५ जानेवारीलाच आली. आणि यांचा सण दरसाल ठरल्या तारखेला? ‘तिथी नाही? मग देवीला कळतं कसं?’ गेराल्ड गार्डनर नावाच्या इंग्रजाने १९५४ साली पुस्तक लिहून हा विक्का पंथ जगापुढे आणला, हे ऐकल्यावर तर तात्या खुर्चीत मागे रेलतात. ‘चोपन्न? आमच्या आईनं त्याच्या आधीपासून दूध उतू घालवलंय. कुणी पुस्तक लिहिलं नाही, एवढंच.’ शेवटी नात सांगते, की ब्रिगिडच्या नावाने आयर्लंडमध्ये २०२३ पासून सरकारी सुट्टीही मिळते. तात्या ताठ बसतात. ‘सुट्टी आहे? मग सण खराच.’

त्याच आठवड्यात उत्तरेत बर्फ पडतो, वारं फिरतं आणि नगरचा पारा पुन्हा खाली येतो. तात्या डगमगत नाहीत. हुरड्याच्या आगटीजवळ हात शेकत, गरम कणसं चोळत ते पुढचा हप्ता जाहीर करतात. ‘आता शिवरात्रीला जाईल, शिव शिव करत.’ शिवरात्रीला घोटणच्या मल्लिकार्जुनाला ते पहाटे जातात, तेव्हाही मफलर असतोच. मग होळी येते, मढीच्या कानिफनाथाची यात्रा भरते, गाढवांचा बाजार लागतो, दुपारी डांबर मऊ होतं, आणि तात्या म्हणतात, ‘मी काय म्हणत होतो?’

त्यांना हसणं सोपं आहे. पण ऋतू ज्या दिवशी बदलतो त्या दिवशी तो कुणालाच दिसत नाही. म्हणून आयर्लंडात कुणी मेणबत्ती लावतं, शेवगावात कुणी गोवरी पेटवतं आणि थंडी असतानाच ती गेल्याचं सांगून मोकळं होतं. असं अगोदर सांगणारं माणूस गावाला लागतं. तेव्हा तुमच्या गल्लीतल्या तात्यांनी थंडी गेली म्हटलं, की मान डोलवा, उतू गेलेल्या बोळक्यातलं उरलेलं दूध घ्या. स्वेटर मात्र होळीपर्यंत पेटीत टाकू नका.