अंतर राखा, ऊस तोडा

२४ मार्च २०२०. रात्री आठला टीव्हीवर सांगितलं, बारापासून देश बंद, जो जिथे आहे त्याने तिथेच थांबावं. हाताशी चार तास. शहरात तेवढ्यात पीठ, मॅगी आणि पाहायच्या मालिकांची यादी, सगळं उरकलं. बीडचा ऊसतोड कामगार तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात, उसाच्या फडाशेजारी कोपीत, म्हणजे झोपडीत. 'घरीच राहा' हा आदेश त्यालाही लागू होता. फक्त कोपीला दार नसतं, त्यामुळे ते लावून घेण्याची सोय नव्हती.

शिवाय साखर पडली अत्यावश्यक! कारखान्यांची धुराडी चालू, तेव्हा कोयतेही चालू. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फिटेपर्यंत विषाणूनेही थांबावं, अशी एकंदर अपेक्षा दिसली. आता सुरक्षित अंतर. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. त्या दोघांनी सहा फुटांवर उभं राहून मोळी कशी बांधायची, हे मात्र कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

एप्रिलच्या मध्यावर एकदाची परतीची परवानगी मिळाली. ट्रॅक्टर-ट्रॉलीत बिऱ्हाड, चिल्लीपिल्ली, वर शेळी. वेशीवर पाहतात तर बाभळीच्या काट्या आडव्या. पलीकडे चुलतभाऊच तोंडाला उपरणं बांधून उभा. 'दादा, शाळेत राहा चौदा दिवस.' पोरांनी फार दिवसांनी शाळा पाहिली, ती अशी.

मदत आली नाही असं कोण म्हणेल? बाईच्या जनधन खात्यात महिन्याला ५०० रुपये, तीन महिने. दिवसाला साडेसोळा रुपये पडले. एसटी बंद, बँक तालुक्याला. जाण्या-येण्यात त्यातले किती गेले ते विचारू नका. रोहयोची मजुरी २०६ची २३८ झाली. काम निघालं की मिळणार होती. आठवडी बाजार बंदच होता, त्यामुळे कोथिंबीर, मेथी जनावरांपुढे. दारूची दुकानं मात्र मे महिन्यात उघडली. महसुलाला सुतक नसतं.

शिक्षण ऑनलाइन झालं. घरात एक फोन, तोही बापाच्या खिशात. आणि पन्नास माणसांत लग्न उरकायची मुभा. शाळा बंद, खर्च कमी, मग पंधरा-सोळाची पोर उजवून टाकायला याहून चांगला मुहूर्त कुठला? दिवाळीनंतर मुकादमाच्या वहीत नव्या जोडप्याचा एक कोयता वाढतो. याला कुणी आर्थिक पुनरुज्जीवन म्हटलं नाही, एवढीच कसर राहिली.

हे निदान घरी तरी पोचले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ जालन्याहून चालत निघालेले मध्य प्रदेशचे सोळा मजूर रुळांवर झोपेत मालगाडीखाली गेले. 'रूळ ही काय झोपायची जागा आहे?' असं सोफ्यावरून विचारणारे तेव्हा बरेच निघाले. सप्टेंबरमध्ये लोकसभेत सरकारला विचारलं गेलं, घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले? लेखी उत्तर आलं: अशी आकडेवारी ठेवलेली नाही. भरपाई दिली का? वरील उत्तर पाहता प्रश्नच उद्भवत नाही.