पानफुटी न्या हो!

बदली होऊन चेन्नईला निघालो तेव्हा आईनं लोणच्याच्या बरणीबरोबर पानफुटीचं एक पान दिलं. कुंडी नाही, माती नाही, वर्तमानपत्राच्या घडीत नुसतं पान. "असू दे, मुतखडा झाला तर लागेल," म्हणाली. मुलाच्या भवितव्याबद्दल आयांच्या कल्पना फार नेमक्या असतात.

अड्यारच्या भाड्याच्या घरात ते पान मी कालनिर्णयच्या मागे टाचणीनं टोचलं आणि विसरलो. एक तारखेला कॅलेंडरचं पान उलटलं, तर मागचं पान बाळंत झालेलं! कडेच्या खाचाखाचांतून नखाएवढी रोपं, प्रत्येकाला दोन चिमुकली पानं आणि केसासारखी पांढरी मुळं. पाणी नाही, माती नाही, डिपॉझिटही नाही. मला याच गावात घर मिळायला दोन महिने लागले होते.

बी धरायची तर फूल हवं, पराग हवेत, ते पोचवणारं कुणी हवं. म्हणजे पत्रिका, मध्यस्थ, बैठक सगळं आलं. पानफुटीनं ही भानगड ऐच्छिक ठेवलीय. कंदिलासारखी फुलं तिलाही लोंबतात, पण वंशासाठी ती त्यांच्यावर विसंबत नाही. पान गळलं की झालं.

मी ती रोपं कुंडीत लावली, इथंच चुकलं. वर्षभरात ती बाल्कनीतून खाली उतरली. आधी पहिल्या मजल्यावरच्या मामींच्या तुळशीत, मग वॉचमननं ठेवलेल्या रंगाच्या डब्यात, शेवटी पन्हळात. एक दिवस मामी हातात पान घेऊन वर आल्या. भांडण नक्की, म्हणून मी दार अर्धंच उघडलं. "रणकळ्ळी!" त्या आनंदानं म्हणाल्या आणि कुशीवर हात ठेवून खुणेनं सांगितलं: मुतखडा. आईला फोन केला तर ती म्हणाली, "बघ, तिकडचेसुद्धा तेच म्हणतात." दोघींपैकी कुणीही डॉक्टर नाही, हे नमूद करतो.

तळमजल्यावर राव राहतात. त्यांचे पूर्वज सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरला आले, घरात अजून मराठी आहे. एका रविवारी ते मला थिऑसॉफिकल सोसायटीतला वड दाखवायला घेऊन गेले. झाड साडेचारशे वर्षांचं मानतात. मूळ खोड 1989 च्या वादळात कोसळलं. पारंब्यांनी जमिनीत पाय रोवले होते, त्यांनी संसार पुढे चालवला. त्यांच्या त्या जुन्या, गोड मराठीत राव बराच वेळ पारंब्यांचं कौतुक करत राहिले. मग एकदम थांबून म्हणाले, तुमची पानफुटी आमच्या गॅलरीतही आलीय बरं का.

आता बदली पुन्हा पुण्याला झालीय. कुंड्या एकवीस आहेत आणि ट्रक छोटा. ज्यांना हवी त्यांनी येऊन न्यावी. नको असेल त्यांनीही न्यावी. परत घेतली जाणार नाही.