जनजागृती अप्पा

पारोळ्यात अप्पांना 'काय चाललंय?' विचारलं, तर उत्तर ठरलेलं: 'जनजागृती!' जून उजाडला की त्यांच्या अंगात वृक्षारोपण संचारतं. सरकारचं उद्दिष्ट 2016 साली 2 कोटी रोपांचं होतं. मग 4, मग 13, आणि 2019 साली 33 कोटी. त्याच चढत्या भाजणीनं अप्पांचा फ्लेक्सही वाढत गेला. त्यावर अप्पा हात जोडून उभे आणि खाली कोपऱ्यात दोन पानांचं रोप.

लोकसहभागावर अप्पांचा फार जीव. लोकसहभाग म्हणजे शाळेची पोरं नऊला रांगेत, पाहुणे साडेअकराला. रोपाला पाहुण्यांचा हात, पाहुण्यांच्या हाताला अप्पांचा, त्यावर आणखी सात-आठ. या झुंबडीत काळी पिशवी काढायची राहते आणि रोप पिशवीसकट मातीत जातं. भोवती लोखंडी पिंजरा. त्यावर सौजन्याची नावं ठळक, झाडाचं कुठंच नाही. एकदा मागून एका म्हातारीनं विचारलं, "आन पानी कोन टाकी, अप्पा?" अप्पांनी ते 'सूचना' म्हणून वहीत टिपून घेतलं.

मागे अप्पा साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघून आले. चैत्राम पवारांनी गावाला सोबत घेऊन तिथलं उजाड रान पुन्हा उभं केलं. कुऱ्हाडबंदी गावानंच ठरवली, दंडही गावच करतं. राखणीचं फळ विहिरीच्या पाण्यात आणि रानभाज्यांत दिसतं, म्हणून माणसं राखतात. 2025 साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. अप्पांचा अभिप्राय: "काम झकास! पण गावात एक बॅनर नाही हो. प्रचारात मार खातात."

इकडे पारोळ्यात एका चहाच्या टपरीमागे निंब फोफावलाय. त्याला पिंजरा नाही, पाहुणाही लाभला नव्हता. ग्लास विसळलेलं पाणी रोज त्याच्या बुडाशी जातं, कारण खान्देशी उन्हात गिऱ्हाईक सावली बघूनच टेकतं. शेळी तोंड घालायला आली, तर टपरीवाला उकळता चहा सोडून धावतो. अप्पांनी गेल्या साली त्याच निंबाला खिळा ठोकून पाटी लावली: 'झाडे वाचवा'.

तरी यंदा रोपं लावणार असाल, तर अप्पांना जरूर बोलवा. माणसं जमवण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. फक्त खड्डा टपरीजवळ घ्या, टपरीवाल्याला विचारून. आणि फोटोआधी पिशवी काढा.