सहा मिनिटांचा हिशेब

नकाशावर पट्टी ठेवा. जळगाव ते धुळे, सरळ रेषेत 80-85 किलोमीटर. जेटचा वेग ताशी 800 धरा. सहा मिनिटं!

विमानच नाही.

आणि असतं तरी? इतक्या अंतरात जेट धड वर चढण्याआधीच उतरायला लागेल. तो 800 चा वेग लागणार कधी? शिवाय कुसुंब्याचं विमानतळ जळगावच्या बाहेर, गोंदूरची धावपट्टी धुळ्याच्या बाहेर. तपासणी, रांग, रिक्षा धरली तर तेवढ्यात एसटी पारोळा ओलांडून गेलेली असेल.

रेल्वेचं म्हणाल, तर आधी चाळीसगावला उतरा, गाडी बदला, मग 56 किलोमीटर वर धुळ्याला या. पक्षी 80 किलोमीटर उडतो, रेल्वेचा प्रवासी दीडशेच्या आसपास फिरतो.

उरला रस्ता. एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे. तरसोद ते फागणे चौपदरीकरण किती वर्षं रखडलं, ते त्या रस्त्यावर माणसं गमावलेल्या घरांना विचारा. तिथे मिनिटं वाचवायची नव्हती, जीव वाचवायचे होते.

गोंदूरच्या धावपट्टीवरून विमानं उडतात. शिकाऊ वैमानिकांची. धुळेकराने वर बघायचं आणि बसस्थानक गाठायचं.

जळगावचं नशीब बरं. 2012 च्या मार्चमध्ये, राष्ट्रपतिपदी जळगावच्या प्रतिभाताई पाटील असताना, त्यांच्याच हस्ते विमानतळाचं उद्घाटन झालं. प्रवासी विमानाची नियमित सेवा? तिला डिसेंबर 2017 उजाडला.

‘उडान’ योजनेतून मुंबईची सेवा सुरू झाली, टिकली नाही. 2019 मध्ये ट्रूजेट आली, तीही गेली. 2024 मध्ये फ्लाय91 गोवा, हैदराबाद, पुण्यासाठी आली, अलायन्स एअर मुंबईसाठी. दर वेळी पहिल्या विमानाला हार. मग चार महिन्यांनी तिकीट काढायला गेलेल्या माणसाला कोणी विचारतं का?

‘जळगावचं विमानतळ अख्ख्या खान्देशाचं’, असं भाषणात ऐकतो. मुंबईपुरतं तरी ते खोटं आहे. मुंबईला निघालेल्या धुळेकराने आधी उलट्या दिशेला, पूर्वेला 95 किलोमीटर जायचं आणि मग उडायचं? जळगाव गाठून विमानाची वाट बघेपर्यंत आग्रा रोडने तो नाशिकला पोचतो.

हैदराबादची गोष्ट वेगळी. तिथे नोकरीला असलेल्या धुळ्याच्या पोरांना हे विमान खरंच उपयोगाचं. त्यांच्यासाठी काय लागतं? धुळे, पारोळा, एरंडोल करत थेट कुसुंब्याला जाणारी, विमानाची वेळ धरून सुटणारी एसटी. विमान उशिरा उतरलं तर थांबणारी.

एक बस! तिला ना धावपट्टी लागते, ना राष्ट्रपती. आगारप्रमुख आणि विमानतळाच्या अधिकाऱ्याने एकदा समोरासमोर बसून वेळापत्रकं जुळवावीत. याच महिन्यात.