बेकार व्हायला बारावी लागते

बेकारी वाढली, बेकारी वाढली अशी ओरड करणाऱ्यांनी एकदा बेकाराची सरकारी पात्रता वाचून घ्यावी. कुणीही ऐरागैरा उठला आणि बेकार झाला, ते दिवस गेले. छत्तीसगड सरकारने १ एप्रिल २०२३ पासून बेरोजगारी भत्ता सुरू केला, महिना अडीच हजार रुपये. अटी अशा होत्या: वय १८ ते ३५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, रोजगार कार्यालयात नाव नोंदवून दोन वर्षं झालेली, आणि शिक्षण किमान बारावी पास. म्हणजे दहावीत गणिताने गचकलेला, अकरावीत शाळा सुटलेला, आठवीनंतर हॉटेलात कपबशा विसळायला गेलेला, यांतला कुणीही बेकार नाही. मग तो कोण? तो नुसताच घरी आहे.

त्यातली दोन वर्षांची अट मला फार आवडली. नोकरी मागायला गेलं की दोन वर्षं कामाचा अनुभव मागतात, भत्ता मागायला गेलं की दोन वर्षं रिकामपणाचा. एकूण अनुभवाशिवाय आपल्याकडे काही मिळत नाही. भत्त्याचं वचन २०१८ च्या निवडणुकीतलं, पैसे सुरू झाले २०२३ च्या एप्रिलात आणि मतदान त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. हे वेळापत्रक ज्याने आखलं त्याचं गणित नक्कीच बारावीच्या पुढचं होतं.

महाराष्ट्राच्या वाचकांनी गालातल्या गालात हसू नये. आपल्याकडे २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. लोकांनी तिचं बारसं केलं ‘लाडका भाऊ’. बारावी पासला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकेला आठ, पदवीधराला दहा. भाऊ लाडका खरा, पण मार्कशीट दाखवल्यावर. बारावी नापास भाऊ सावत्र. दोन राज्यं, सत्तेत तेव्हा दोन वेगवेगळ्या पक्षांची सरकारं, आणि उंबरठा मात्र एकाच सुताराने केलेला.

हे सगळं सुचायचं कारण वैशाली नगर. उज्जैनचं नव्हे, जयपूरचंही नव्हे, छत्तीसगडातल्या भिलाईचं. मुंबई-हावडा रेल्वेच्या एका अंगाला पोलाद कारखाना आणि त्याची टाउनशिप: रुंद रस्ते, झाडं, नंबर टाकलेले सेक्टर. दुसऱ्या अंगाला जीई रोड ओलांडला की सुपेला, रामनगर, वैशाली नगर. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागतं, तेव्हा अनेकांनी रुळाच्या या अंगाला प्लॉट घेऊन घरं बांधली. आमच्या नात्यातल्या एक मावशी त्यांतल्याच. यजमान गोंदियाकडून कारखान्यात आले, सेक्टरमध्ये नोकरीभर राहिले आणि मग इथे. २००८ च्या फेररचनेनंतर वैशाली नगर नावाचा विधानसभा मतदारसंघही झाला, त्यामुळे दर पाच वर्षांनी इथे रोजगार येतो आणि मतमोजणी झाली की परत जातो.

मावशींच्या शेजारी एक मुलगा आहे. मुलगा म्हणायचं, तिशीला टेकलाय. त्याच्याकडे एक प्लास्टिकची फाइल असते, बटणाची. आत नववीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, निवास प्रमाणपत्र, जातीचं प्रमाणपत्र, आधारच्या झेरॉक्स आणि पाकिटात पासपोर्ट फोटो. फोटोत तो अजून बावीस वर्षांचा आहे, कारण जुने संपल्याशिवाय नवे काढायचे नाहीत असं त्याच्या आईचं म्हणणं. काम मागायला गेला की दुकानदार फाइल उघडतच नाही. तो तोंडी विचारतो, ‘‘कितना पढ़े हो?’’ ‘‘नौवीं.’’ ‘‘नंबर छोड़ जाओ.’’ नंबर सोडून यायची त्याला इतकी सवय झाली आहे की विचारायच्या आधीच कागदाचा चिटोरा पुढे करतो.

आता याला येतं काय ते ऐका. कूलरची मोटर जळली तर उतरवून, वाइंडिंग करून, पुन्हा बसवून देतो. पंपाला पाणी चढत नसेल तर आवाजावरून सांगतो कुठे अडलंय. एप्रिल-मेमध्ये भिलाईचा पारा पंचेचाळिसाकडे जातो तेव्हा याला जेवायला फुरसत नसते. मावशींचा कूलर गेल्या उन्हाळ्यात त्याने गच्चीवर उताणा घालून दुरुस्त केला, मला समोर बसवून. पंख्याची पाती हाताने फिरवली, कान लावला आणि म्हणाला, बुश गेलाय. गेला होता. इंजिनीअरिंगचे क्लास लावलेल्या पोरांनी भरलेल्या त्या शहरात (भिलाईला २०१६ पासून आयआयटी आहे, आणि क्लास तर त्याच्या कितीतरी आधीपासून) एवढं नेमकं निदान मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही. पण पाऊस पडला की कूलर माळ्यावर आणि हा ओट्यावर.

सरकारी हिशेबात मात्र हा पावसाळ्यातही बेकार नाही. केंद्राच्या श्रमबल पाहणीत आठवड्याच्या मापाने ज्याने मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर जरी काम केलं, तो कामाला आहे असं धरतात. मंगळवारी कुणाचा मिक्सर उघडला असेल तर हा आठवडाभराचा नोकरदार. त्याच पाहणीत आणखी एक गंमत वर्षानुवर्षं दिसते: बेकारीचा दर शिकलेल्यांत जास्त आणि निरक्षरांत सगळ्यांत कमी. यावरून काही विद्वान ‘शिक्षणाने बेकारी वाढते’ असा निष्कर्ष काढायला मोकळे होतात. खरं कारण साधं आहे. रिकामं बसायलाही घरात कुणीतरी कमावतं लागतं. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर, तो बेकार राहील कसा? तो मिळेल त्या भावाने वाकतो आणि आकडेवारी सुधारतो.

सुधारते म्हणजे किती? सप्टेंबर २०२२ मध्ये सीएमआयई या खासगी संस्थेच्या आकडेवारीत छत्तीसगडचा बेरोजगारीचा दर ०.१ टक्का आला, देशात सगळ्यांत कमी. राज्य सरकारने त्याची दवंडी पिटली. त्याच सुमारास त्याच राज्याच्या लोकसेवा आयोगाकडे शिपायाच्या ९१ जागांसाठी दोन लाखांहून जास्त अर्ज आले होते. राज्यात कुणी बेकार नाही म्हटल्यावर ही दोन लाख माणसं हौसेनेच आली असणार. घंटा वाजवायची, पाणी भरायचं, फायली इकडून तिकडे न्यायच्या, याची आवड असते एकेकाला.

खरी मेख इथे आहे. शिपायाच्या रांगेत इंजिनीअर उभा राहतो तेव्हा आपण इंजिनीअरसाठी हळहळतो, वर्तमानपत्रं त्याचाच फोटो छापतात. पण ती जागा होती कुणाची? मुंबईत मंत्रालयाच्या कँटीनला १३ वेटर हवे होते. अट चौथी पासची. सात हजारांच्या आसपास अर्ज आले आणि २०१९ च्या जानेवारीत बातमी आली की निवडलेल्या तेरा जणांपैकी बारा पदवीधर. चहाचा ट्रे उचलायला बी.ए. लागत नव्हतं, लागलं. चौथी पासवाल्याचं काय झालं हे विचारायला कुणी गेलं नाही, कारण त्याची बातमी होत नाही. वरच्याला वर जागा नाही म्हणून तो एक पायरी खाली उतरतो, त्याच्या खालचा आणखी एक, आणि सगळ्यांत खालच्याला उतरायला पायरीच उरत नाही.

भिलाईला हे उलटं होतं, असा एक काळ होता. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या सुरुवातीच्या दिवसांत आसपासची खेडूत माणसं कारखान्यात यायला तयार नसत. भट्टीला माणसांचा बळी देतात अशी अफवा होती. जे धीर करून आत गेले त्यांतले कितीतरी अंगठेबहाद्दर. त्यांनी रशियन इंजिनीअरच्या खाणाखुणांवर पोलाद ओतायला शिकून घेतलं, कायम झाले, ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडले. आज त्यांच्या नातवाला गेटच्या आत जायला ठेकेदाराचा पास लागतो, आणि तोही ओळखीने. ऐंशीच्या दशकात कारखान्याचे कायम कामगार साठ हजारांच्या वर होते, आता त्याच्या पाव हिश्श्याच्या घरात. पोलाद मात्र घटलं नाही, वाढलं. यंत्रं आली हे खरं. पण ठेक्यावरची माणसंही आली, आणि ती कुठल्याही फुशारकीच्या आकड्यात दिसत नाहीत.

ठेक्याच्या कामाबद्दल या शहरात कुणी विचारलंच नाही असं नाही. कामगार नेते शंकर गुहा नियोगींनी विचारलं. खासगी कारखान्यांतल्या ठेका मजुरांना कायम करा, जगण्यापुरती मजुरी द्या, एवढी मागणी. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत झोपेत त्यांचा गोळ्या घालून खून झाला. पुढच्या वर्षी १ जुलैला पॉवर हाउस स्टेशनजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, पंधराहून जास्त माणसं गेली. यावर तिरकस काही लिहिता येत नाही.

तर आपला फाइलवाला. त्याला सल्ले भरपूर. मामा म्हणतो, ‘‘गार्डची नोकरी धर.’’ काका म्हणतो, ‘‘धंदा कर.’’ (भांडवलाचं विचारलं की काकांना फोन येतो.) एक सद्गृहस्थ भेटले, ‘प्लांट में लगवा दूँगा’ म्हणाले, साहेबांना चहापाण्याला थोडे द्यावे लागतील म्हणाले. आईच्या बांगड्या गेल्या, सद्गृहस्थही गेले. लग्नकार्यात तर तो जेवणाच्या पंगतीला उशिरा बसतो, कारण लवकर बसलं की शेजारचा विचारतो, ‘‘काय रे, चिकटलास का कुठे?’’ हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कुणाच्याही हातात द्यायला काम नसतं, वेळ मात्र असतो.

चावडी आहे ना, असं म्हणाल. रायपूर-भिलाईकडे मजूर सकाळी जिथे उभे राहतात त्या नाक्याला चावडी म्हणतात. नागपूरचा ठिय्या तोच. रेजा, कुली, मिस्त्री, सगळे डबा घेऊन उभे. तिथे कुणी मार्कशीट मागत नाही, दंड बघतात. पण हा तिथे जात नाही. वडील प्लांटचे कायम कामगार होते. कायम कामगाराचा मुलगा चावडीवर दिसला तर आईला वस्तीत तोंड दाखवता येणार नाही, असं त्याला वाटतं. मी आधी याला खोटी प्रतिष्ठा म्हणणार होतो. मग आठवलं, आपल्या घरांतली पदवीधर मुलं स्पर्धा परीक्षांच्या नावाखाली पुण्यात पाच-पाच वर्षं काढतात तेव्हा आपण त्याला चिकाटी म्हणतो.

गंमत म्हणजे आठवी-नववीवाल्याला कायदा ओळखतो. आयटीआयच्या वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडना आठवी पास चालतो. शिकाऊ उमेदवारांच्या नियमांत २०१९ साली दुरुस्ती झाली तेव्हा पाचवी ते नववी शिकलेल्यालाही महिना किमान पाच हजार विद्यावेतन धरलं गेलं. मुक्त शाळेतून दहावी-बारावी देता येते, वयाची आडकाठी नाही. हे त्या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं. रोजगार कार्यालयात तो गेला तेव्हा तिथे फक्त भत्त्याचीच चौकशी चालली होती, आणि भत्ता तर त्याच्या पात्रतेच्या वरचा. मी सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, ‘‘दोन वर्षं शिकेन, पण तोवर घरात काय देऊ?’’ योजनेच्या पत्रकात याचं उत्तर छापलेलं नाही.

तेव्हा सरकारशी आमचं भांडण चालू राहील, ते या सदराचं कामच आहे. आज बोलायचंय तुमच्याशी. तुमचं दुकान असेल, वर्कशॉप असेल, सोसायटीचा कारभार तुमच्या हाती असेल आणि बाहेर ‘मुलगा पाहिजे, बारावी पास’ अशी पाटी लावली असेल, तर स्वतःला विचारा की पोती मोजायला, वायर ओढायला, पंप चालू करायला बारावीतला कुठला धडा लागतो. लागत नसेल तर ती ओळ खोडा. आलेल्याला किती शिकलास हे विचारू नका, काय येतं ते विचारा, दोन दिवस करून दाखवायला सांगा, आणि त्या दोन दिवसांचे पैसे द्या. जमत नसेल तर तोंडावर नाही म्हणा. नंबर ठेवून घेऊ नका.