तार तीच, बिल नवं

माहीमचा कॉजवे ओलांडला की मुंबईकर स्वतंत्र होतो. अलीकडे, कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, बेस्टची वीज. ती घ्यायची, बिल भरायचं आणि वर मान करून कुठल्या कंपनीची वगैरे विचारायचं नाही. वांद्र्यापासून पुढे बहुतेक उपनगरांत मात्र ग्राहक राजा आहे. त्याला अदानीची वीज घेता येते, नको असेल तर टाटांची घेता येते, आणि दोन्हींच्या नावाने बोटं मोडणं तर कायमच मोफत.

या भेदभावाला कायद्याचा आधार आहे. 2003 च्या वीज कायद्याने वितरण कंपन्यांना सांगितलं की आपल्या तारांवरून दुसऱ्याची वीज जाऊ द्या. पण जी स्थानिक प्राधिकरणं आधीपासून हा धंदा करत होती, त्यांना यातून सूट दिली. बेस्ट पालिकेची, म्हणून बेस्टला सूट. दादरच्या माणसाचं स्वातंत्र्य असं एका कलमात अडकलं आहे. बोरिवलीच्या माणसाचं फक्त अंकगणितात अडकतं.

अंकगणिताकडे येऊच. त्याआधी हे स्वातंत्र्य मिळालं कसं ते सांगायला हवं, कारण ते कुणी मागितलेलं नव्हतं. टाटांनी घरोघरी वीज विकावी की नाही यावर टाटा आणि रिलायन्स या दोन बलाढ्य कंपन्या वर्षानुवर्षं भांडल्या. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने विकू द्या म्हटलं. 2009 साली राज्याच्या वीज नियामक आयोगाने मार्ग काढला: टाटांनी तारा टाकेपर्यंत थांबायला नको, रिलायन्सच्या, म्हणजे आजच्या अदानींच्या, तारांवरूनच वीज द्यावी. याला म्हणायचं चेंजओव्हर. टाटांनी स्वतःची तार तुमच्या बिल्डिंगपर्यंत आणली, तर स्विचओव्हर. हा फरक ज्याला कळला, तो सोसायटीत तज्ज्ञ ठरला आणि पुढच्याच वर्षी खजिनदार झाला.

ज्यांनी काहीच बदललं नाही, त्यांची गंमत वेगळी. 1929 साली स्थापन झालेल्या बीएसईएसची पुढे रिलायन्स झाली आणि 2018 साली रिलायन्सची अदानी. अंधेरीतल्या एखाद्या आजींनी जागेवरून न हलता, एकाही अर्जावर सही न करता तीन कंपन्यांची वीज वापरली. स्पर्धेचा इतका लाभ अर्ज भरणाऱ्यांनासुद्धा झालेला नाही.

आता अंकगणित. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी बँकेतून निवृत्त झाल्यावर याचा कायमचा अभ्यास हाती घेतला आहे. त्यांच्याकडे दोन्ही कंपन्यांचे दर एका मोठ्या तक्त्यात आहेत, आणि आयोगाचा नवा आदेश आला की तो तक्ता लिफ्टच्या शेजारी लागतो. तक्त्याच्या डाव्या बाजूला टप्पे: 100 युनिटपर्यंत, मग 300, मग 500, मग त्याच्या वर. उजवीकडे स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि शेवटी सरकारचं 16 टक्के वीज शुल्क. सरकार मात्र निःपक्षपाती. तुम्ही कुणाचीही वीज घ्या, 16 टक्के ते तुमच्याकडून तितक्याच प्रेमाने घेतं.

हा तक्ता वाचून सकाळी लोक ठरवतात की कंपनी बदलायची. संध्याकाळी खालून वर येताना पुन्हा वाचतात आणि ठरवतात की नको. कारण एका टप्प्यात ही कंपनी स्वस्त, तर दुसऱ्या टप्प्यात ती. म्हणजे फेब्रुवारीत एकीकडे असावं आणि मेमध्ये दुसरीकडे. काकांनी एकदा कुटुंबनिहाय सल्लाही द्यायला सुरुवात केली होती. "तुमच्याकडे जावई येणारेत ना मेमध्ये? मग एसी धरा." सल्ला बिनचूक असायचा. फक्त तो अंमलात येईपर्यंत आयोगाचा पुढचा आदेश यायचा.

टप्प्यांचा धसका तर विचारू नका. महिनाअखेर आली की काही घरांत गीझर बंद होतो, इस्त्री बाहेर जाते आणि मुलांना सांगितलं जातं की आपण 297 वर आहोत. जणू 301 वं युनिट पडलं की आधीची 300 पण महाग होणार! तसं होत नाही. महाग पडतं ते वरचं युनिट, आधीची जुन्याच दराने. हे काकांनी तक्त्याखाली लाल अक्षरात लिहिलंय. तरी महिनाअखेरीला अंघोळी गारच.

आणि निवडायचं म्हणजे नक्की काय निवडायचं? चेंजओव्हर केला तर तार तीच, खांब तोच, रस्त्यावरची ती हिरवी पेटीही तीच. वीज तर ग्रिडमधून सगळ्यांची एकत्रच येते. खोपोलीच्या पाण्याची वेगळी काढून तुमच्या मिक्सरला आणि डहाणूच्या कोळशाची वेगळी काढून शेजारच्यांच्या मिक्सरला, अशी सोय निसर्गात नाही. बदलतो तो मीटर आणि बिलाचा कागद. चालत्या बसमध्ये तिकीट कुठल्या कंडक्टरकडून घ्यायचं एवढं आपण ठरवायचं. बस, खड्डे आणि ड्रायव्हर आधीच ठरलेले.

पण कागद बदलला की माणूस बदलतो. गेल्या उन्हाळ्यात एका रात्री आमच्या बिल्डिंगचा एक फेज गेला. अर्धी घरं अंधारात, अर्धी उजेडात. दोन्ही कंपन्यांचे ग्राहक हातात मोबाइलचा टॉर्च घेऊन जिन्यात उभे. "आमची गेली म्हणजे तुमच्या त्यांचीच गेली असणार," असं एका वहिनींनी समोरच्यांना सुनावलं. समोरच्यांच्या घरात दिवे लखलखत होते, आणि त्याचं श्रेय ते मनातल्या मनात आपल्या दूरदृष्टीला देत होते. तेवढ्यात लाइनमन आला. त्याने मीटररूममधल्या सायकली आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू बाजूला केले, कटआउट उघडलं आणि विचारलं, "या फेजवर एसी किती लावलेत?" कुणाची वीज, हे त्याने विचारलंच नाही. उडालेला फ्यूज कुठल्याच पक्षाचा नव्हता. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, तेव्हाही अशीच समता होती. लोकल थांबल्या, सिग्नल विझले, आणि दोन्ही कंपन्यांच्या ग्राहकांना प्रथमच एकमेकांविषयी बंधुभाव वाटला.

सगळ्यात रसाळ भाग मात्र सोडून जाण्याचा आहे. सुरुवातीला टाटांची वीज स्वस्त होती, म्हणून लोक रांगा लावून गेले. मग लक्षात आलं की मोठे ग्राहक गेले तर त्यांच्या जास्त दरावर ज्या गरिबांची वीज स्वस्त राहते, त्यांचं काय? म्हणून 2011 मध्ये गेलेल्यांवर क्रॉस सबसिडी अधिभार बसला. तार जुन्या कंपनीची, म्हणून वहन आकार होताच. पुढे नियामक मत्ता आकार आला. म्हणजे असं की पूर्वी तुम्ही जी वीज जाळली, तिचे पूर्ण पैसे तेव्हा घेतले नव्हते, वहीत मांडून ठेवले होते. आता तुम्ही निघालात खरे, पण वही तुमच्या मागून आली. 2012 मध्ये तर आयोगाने वर्षभरासाठी ठरवून टाकलं की महिना 300 युनिटपर्यंतच्या घरगुती ग्राहकांनीच तिकडे जावं. पंखेवाल्याला स्वातंत्र्य, एसीवाल्याला थोडं थांबा. यातलं प्रत्येक कारण वाजवी आहे, हे मी गंभीरपणे म्हणतो. गरिबाची सबसिडी कुणीतरी भरलीच पाहिजे. फक्त सगळी वाजवी कारणं एका बिलावर लिहिली की दोन कंपन्यांमधला फरक वडापावच्या आसपास येतो.

तरीही हा प्रयोग आता सगळीकडे न्यायचा आहे. भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई या सरकारी महावितरणच्या मुलखात अदानींनी समांतर परवाना मागितला, तेव्हा जानेवारी 2023 मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी संप पुकारला आणि सरकारशी बोलणी होताच मागे घेतला. कर्मचाऱ्यांची भीती साधी होती: पैसे भरणारी शहरं तिकडे जातील आणि उरलेलं आपल्या पदरात पडेल. आता उरलेलं म्हणजे कोण, हे मुंबईत बसून दिसत नाही. शंभर वर्षांपूर्वीही दिसलं नव्हतं. मुंबईच्या विजेसाठी मुळशीचं खोरं पाण्याखाली गेलं, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, पण कुठल्या कंपनीसाठी बुडायला आवडेल असा पर्याय मावळ्यांपुढे कुणी ठेवला नव्हता.

यवतमाळकडे आमचे एक मेहुणे शेती करतात. तिकडे पंपाची थ्री फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बॅटरी आणि काठी घेऊन गव्हात जायचं, साप बघत पाणी द्यायचं. दिवाळीत ते आमच्याकडे आले होते. लिफ्टशेजारचा तक्ता त्यांनी चष्मा लावून पहिल्या टप्प्यापासून शेवटच्यापर्यंत वाचला. काका उत्साहाने समजावून सांगायला पुढे झाले.

"दोन कंपन्या आहेत म्हणता," मेहुणे म्हणाले. "मग यातली दिवसाची कोणती?"