दुःखाच्या घरचा बेत

लग्नाचं जेवण ठरवायला माणसाच्या हातात सहा महिने असतात. आचारी बघून येतात, चव घेऊन येतात, पंगत की बुफे यावरून दोन व्याही आयुष्यभराचे दुरावतात, आणि एवढं करून ऐन वेळी जिलबी कमी पडतेच. मयताच्या घरी सहा तासही नसतात. किती माणसं येतील ते कोणालाच ठाऊक नसतं, ज्याला विचारायचं तो उत्तर देण्याच्या अवस्थेत नसतो, आणि त्या घरची चूल तर पेटायचीच नसते. तरीही आमच्या शहाद्याकडे मयताच्या घरून कोणी उपाशी परतल्याचं मी कधी ऐकलं नाही. बेसन उरल्याचं मात्र दरवेळी ऐकते.

याचं कारण, हा बेत आधीच ठरलेला असतो. तो कोणत्या वहीत लिहिलेला नसतो. गल्लीतल्या एखाद्या बाईच्या डोक्यात असतो. आमच्या गल्लीत तो जिजींच्या डोक्यात आहे. आमचा नंदुरबार हा आदिवासी बहुसंख्येचा जिल्हा, तेव्हा सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या रीती वेगळ्या आणि त्या सांगायचा हक्क तिथल्यांचा. मी सांगते आहे ते तापीकाठच्या गल्लीबोळातलं.

बातमी आली की पुरुष मंडळी बांबू, मडकं, गोवऱ्या आणि मोबाइल यांच्या मागे लागतात. जिजी आधी त्या घरी जातात, गेलेल्या माणसाशेजारी बसून मनापासून रडतात. त्यात दिखाऊपणा काही नसतो. मग पदराने डोळे पुसतात, उठतात, मागच्या दाराने बाहेर येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, “दूध कोनाकडे शे?” रडणं संपलेलं नसतं, ते फक्त पुढे ढकललेलं असतं. बेत लागला की परत जाऊन उरलेलं रडतात.

दूध आधी, कारण मयताच्या घरी सर्वांत जास्त खपतो तो चहा. शंभर कागदी कपांना पाच लिटर दूध, किलोभर साखर आणि पाव किलो चहापत्ती, हा जिजींचा हिशेब. बिनसाखरेचं पातेलं वेगळं. कारण हल्ली नातेवाइकांत मधुमेह नसलेला माणूस शोधावा लागतो. अर्थात, बिनसाखरेचा मागणाऱ्यांतले निम्मे जण दुसऱ्या फेरीला “आता साधाच द्या” म्हणतात. दुःखात पथ्य पाळू नये असं कुठेतरी लिहिलं असावं, अशी त्यांची श्रद्धा दिसते.

माणसं स्मशानातून परततात, कडुलिंबाचा पाला चावतात, आंघोळी होतात, आणि मग येतं बेसन. इतर महाराष्ट्र त्याला पिठलं म्हणतो, आणि या पहिल्या जेवणाला कुठे कडू घास म्हणतात. आमच्याकडे बेसन आणि दादर ज्वारीची भाकरी. हा पदार्थ या दिवसासाठी कोणी निवडला असेल तो मोठा शहाणा माणूस असला पाहिजे. डाळीचं पीठ कोणत्याही घरात कोणत्याही वेळी असतंच. भिजवायचं नाही, निवडायचं नाही, पाव तासात तयार. गार झालं तर घट्ट होतं, गरम पाणी घातलं की पुन्हा पातळ. ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही त्याच्याही घशाखाली ते न चावता उतरतं. आणि मुख्य म्हणजे त्यात सणासुदीचा वास नाही. अवघ्या मराठी मुलखात ज्या एकाच जेवणाला कोणी नावं ठेवत नाही ते हे. मीठ कमी असलं तरी कोणी बोलत नाही, चांगलं झालं असलं तरी “वा” म्हणता येत नाही. सुगरणीची इतकी पंचाईत दुसऱ्या कुठल्या दिवशी होत नाही.

मीठ कमीजास्त होण्याचंही कारण आहे. डबे चार घरांतून येतात, म्हणजे चार हातांचं मीठ येतं. जिजी सगळी बेसनं एका मोठ्या पातेल्यात एकत्र करून टाकतात. त्यात जसं मीठ सारखं होतं तसं कोणाचं चांगलं आणि कोणाचं गचका झालेलं तेही झाकलं जातं. गल्लीतली अर्धी भांडणं या एका पातेल्यामुळे टळलेली आहेत.

पण रांधणं सोपं, खाऊ घालणं अवघड. ज्याची बायको गेली त्या नानांपुढे ताट ठेवलं की ते हाताने बाजूला सारतात. जिजी आग्रह करत नाहीत. त्या शेजारी बसतात आणि हळूच म्हणतात, “नाना, दोन घास खाई ल्या. तुम्ही नाही खाल्लं तर पोरं खाणार नाहीत.” मग आतल्या खोलीत जाऊन पोरांना सांगतात, “तुम्ही नाही बसलात तर नाना ताटाला हात लावणार नाहीत.” दोन्हीकडे एकच खोटं, दोन्हीकडे लागू पडतं. दहा मिनिटांनी बाप पोरांसाठी आणि पोरं बापासाठी भाकरी मोडत असतात.

पहिला घास दुसऱ्याच्या घरचाच हवा, हे फक्त आपल्याला सुचलं असं मात्र नाही. ज्यू धर्मशास्त्रात तर हा नियमच आहे. दफनानंतरचं पहिलं जेवण दुःखातल्या माणसाने स्वतःच्या घरचं खायचं नाही. शेजाऱ्यांनी आणायचं, आणि त्यात उकडलेली अंडी, मसूर असे गोल पदार्थ असायचे. अमेरिकेतल्या यूटा राज्यात मॉर्मन पंथाच्या बायका अशा प्रसंगी बटाट्याचा कीस, चीज आणि साय यांचं एक थर लावलेलं भांडं घेऊन जातात. वरून लोणी लावलेला कॉर्नफ्लेक्सचा चुरा, आणि मग भट्टीत भाजायचं. आदल्या दिवशी लावून ठेवता येतं, हा त्याचा मोठा गुण. त्याचं नावच मयताचे बटाटे. 2002 साली सॉल्ट लेक सिटीत हिवाळी ऑलिंपिक भरलं तेव्हा या बटाट्यांचा बिल्लासुद्धा निघाला होता. मी हे जिजींना सांगितलं. ऑलिंपिकचं त्यांना काही वाटलं नाही, पण बटाट्यावर कॉर्नफ्लेक्स म्हटल्यावर त्या थोडा वेळ विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “शेवभाजीवर शेव टाकतस ना, तसंच व्हई.” झालं, यूटा आणि खान्देश एका ओळीत येऊन बसले.

पुढचे दिवस पाळ्यांचे. आज या भाऊबंदाचा डबा, उद्या त्या शेजाऱ्याचा. सुतकाच्या घरात फोडणी नाही, तळण नाही. बाहेरून जे येईल ते. आणि रोज दारावर बसायला येणाऱ्यांची रीघ. खान्देशात सांत्वनाला येणं म्हणजे दारावर येणं, आणि दारावर येणारा माणूस वेळ सांगून येत नाही. शिवाय आमचं निम्मं गणगोत सुरतेला. सुरत-भुसावळ लाइनवरच्या गाड्या कोणाला रात्री दीडला नंदुरबारला उतरवतात, कोणाला पहाटे दोंडाईच्याला, आणि शहाद्याला तर रेल्वेच नाही. म्हणजे पुढे जीप, आणि जीप भरेपर्यंत वाट. असा पाहुणा अवेळी दारात उभा राहिला की त्याच्यापुढे काय ठेवायचं? भाकरी तोवर कडक झालेली असते. म्हणून जिजी संध्याकाळीच दशम्या लाटून ठेवायला लावतात. पीठ दुधात मळलेलं, त्यामुळे दोन दिवस मऊ राहतात. सोबत कोरडी शेंगदाण्याची चटणी. फ्रिज यायच्या आधी फ्रिजचं काम दशमी करत होती, आणि अजूनही वीज गेली की तीच करते.

त्यातही अडचणी येतातच. कोणी एकादशीला गेलं तर गल्ली म्हणते, “पुण्यवान माणूस, थेट वैकुंठाला गेला.” जिजीही तसंच म्हणतात, पण त्यांच्या चेहऱ्यावर दुसरी काळजी असते: आलेल्यांतल्या उपासवाल्यांना बेसन चालत नाही. मग कोणाच्या तरी डब्यातली सातपुड्यातली भगर बाहेर निघते, आणि शेंगदाण्याची आमटी. वैकुंठाला गेलेल्याने निदान द्वादशीपर्यंत थांबायला हवं होतं, असं त्या कधी बोलत नाहीत.

खरी कसोटी दशक्रियेची. आमच्याकडची दशक्रिया बहुधा प्रकाशाला. तापी आणि गोमाई यांचा संगम, केदारेश्वराचं मंदिर. दक्षिण काशी म्हणतात त्याला. पुरुष मंडळी सकाळी घाटावर जातात आणि घरी बायका बट्ट्यांपाशी बसतात. हल्ली बरेच जण त्याच दिवशी गंधमुक्तीही, म्हणजे सुतक संपवण्याचा विधीही, उरकतात, म्हणून जेवण मोठं असतं. अशा जेवणाला वरण-बट्टीसारखा सोयीचा पदार्थ नाही. गव्हाचं जाडसर पीठ, ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन. घट्ट गोळे करून आदल्या संध्याकाळीच वाफवून ठेवायचे. रात्रभर गार होऊ दिले की सकाळी सुरीने नीट फोडी पडतात. गरम असताना कापले की चुरा होतो. शंभर माणसांना बारा-तेरा किलो पीठ आणि सहा किलो तूरडाळ. सकाळी फक्त तळणं उरतं. वांग्याची भाजी आणि गंगाफळ एका बाजूला शिजत असतं.

पण कढई कधी चढवायची, हे घड्याळ ठरवत नाही. ते कावळा ठरवतो. पिंडाला कावळा शिवल्याशिवाय घरी तेल तापवायचं नाही, असा जिजींचा दंडक. या जेवणाचा पहिला पाहुणा तो, आणि त्याच्या येण्याचा अंदाज जिजींनाही लावता येत नाही. घाटावर त्याची मनधरणी चाललेली असते. “धाकट्याचं लग्न करून देऊ.” कावळा झाडावर. “शेताचा वाद मिटवू.” कावळा मान वळवतो. “बापू, तुमची म्हैस विकणार नाही.” तेव्हा कुठे पंख हलतात. इकडे घरी साठ बायका, दोनशे फोडी आणि थंड कढई. दर पाच मिनिटांनी फोन, “शिवला का?” अगदीच आला नाही तर भटजी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला शिववतात. “शिवला!” असा फोन आला की तो कोणता कावळा होता हे कोणी विचारत नाही. गॅस पेटतो, आणि दहा दिवसांनंतर त्या घरात पहिल्यांदा तळणाचा वास येतो. त्या वासाने घरातली पोरं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहतात. त्यांना कोणी हाकलत नाही. पहिल्या घाण्यातल्या फोडी त्यांच्याच हातावर पडतात.

या शेवटच्या पंगतीवर बरीच टीका झालेली आहे, आणि ती रास्त आहे. गाडगेबाबा 1956 साली जाईपर्यंत कीर्तनांतून सांगत राहिले की कर्ज काढून मेलेल्याच्या नावाने जेवणावळी घालू नका. राजस्थानने तर 1960 साली मृत्युभोजाविरुद्ध कायदाच केला. धार्मिक विधीपुरती सूट ठेवली ती शंभर माणसांपर्यंत. मी हेही जिजींना वाचून दाखवलं. त्यांना गाडगेबाबा पटले, कारण त्यांनी जमीन गहाण पडलेली पाहिली आहे, ती बुंदीपायी. कायद्याबद्दल त्यांनी एवढंच विचारलं की एकशे एकाव्याला परत कोण पाठवणार. मग म्हणाल्या, “पंगत बंद करा खुशाल. डबा बंद करू नका.”

मला वाटतं, या दोन वाक्यांत सगळा फरक आला. पंगतीत यजमान लोकांना दाखवतो. डब्यात लोक यजमानाला सांभाळतात. पंगतीला ऐपत लागते, डब्याला फक्त घरात डाळीचं पीठ लागतं. आणि खरं सांगायचं तर डब्याने डबा आणणाऱ्याचंही भलं होतं. मयताच्या घरी काय बोलावं हे कोणालाच कळत नाही. “फार वाईट झालं,” “देवाच्या मनात असेल तसं,” एवढ्यावर माणसाचं भांडवल संपतं. हातात डबा असला की बोलावं लागत नाही. “बेसन गरम आहे, झाकण हळू उघडा,” एवढं सांगितलं तरी पुरतं, आणि ऐकणाऱ्यालाही त्यातलं नेमकं काय ऐकायचं ते कळतं.

सगळं पार पडल्यावर उरतात ती भांडी. पातेली, झारे, डबे. प्रत्येकाच्या बुडाशी मशीनने कोरलेलं नाव आणि कोणाच्या तरी लग्नाची तारीख. एरवी शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, चिमूटभर साखर तरी घालायची. या घरातून मात्र ते रिकामंच परत जायचं, असा आमच्या गल्लीचा रिवाज. भांडी ओळखून ज्याची त्याला पोचवणं हे काम अलीकडे जिजींनी माझ्यावर सोपवलं आहे. नुसती भांडीच नाही. दुपारी चहाला बसलं की त्या मध्येच परीक्षा घेतात.

“पन्नास मानूस. बेसन कितलं?”

“दीड किलो.”

“भाकरी?”

“शंभर. आणि वर दहा, उशिरा येणाऱ्यांना.”

“दशम्या कोन लाटी?”

ज्यांच्या पोळ्या मऊ होतात त्यांचं नाव मी सांगते. त्या मान डोलावतात. गल्लीतल्या सगळ्यांना कळलं आहे की ही शिकवणी कशासाठी चालली आहे, पण तसं कोणी बोलत नाही. जिजीच बोलल्या, परवा, कपातला चहा बशीत ओतता ओतता. “मना टाइमले बेसन नको. आयुष्यभर तेच घोटलं. पहिल्याच दिवशी वरण-बट्टी करा.”

मी म्हटलं, “जिजी, पहिल्या दिवशी तळण चालत नाही. तुमचाच नियम.”

त्यांनी बशी खाली ठेवली. स्वतःचा नियम स्वतःच्याच आड येईल याचा विचार त्यांनी केला नसावा. बराच वेळ हिशेब केल्यासारखं तोंड करून बसल्या आणि मग तोडगा काढला. वाफवलेल्या बट्ट्या न तळता कुस्करायच्या, वर गरम वरण आणि तूप घालायचं. नियमही मोडत नाही आणि बेसनही टळतं. हे मला पाठ करायला लावलं. भाजी कोणती, माणसं किती, दूध कोणाकडून, ते तू बघ म्हणाल्या. फक्त डाळीच्या बाबतीत त्यांचा कोणावर विश्वास नाही. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ही बातमी मीच त्यांना सांगितली होती. तेव्हा “आम्हाला आधीच माहीत होतं” एवढंच म्हणाल्या होत्या.

“दाय मातर नवापूरनीच,” त्यांनी बजावलं. “आनि भाव करी ल्या आधी. मयताचं घर म्हटलं की दुकानदार हवं ते लावतो.”